साक्ष आणि वस्त्र : व्हाइटचॅपल हत्यांच्या चौकशीतील पोशाखवर्णनांचा अर्थ (१८८८)

सारांश : १८८८ मध्ये लंडनच्या ईस्ट एंड भागात झालेल्या हत्यांच्या चौकशीत साक्षीदारांनी दिलेली पोशाखाची वर्णने संशयिताच्या शोधासाठी वारंवार वापरली गेली. या वर्णनांचे तीन प्रकार पडतात : हाती आलेल्या वस्त्राची तपासणी, परिचित व्यक्तीच्या पोशाखाची आठवण आणि रात्री क्षणभर पाहिलेल्या अनोळखी माणसाच्या पोशाखाचे कथन. या तिन्हींचे पुराव्याचे मूल्य समान नाही. प्रस्तुत लेखात या फरकाची चिकित्सा केली असून, पोशाखवर्णनातून खुन्यापेक्षा तत्कालीन समाजाच्या वर्गविषयक व परकीयांविषयीच्या धारणांचा बोध अधिक होतो, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : साक्ष, पोशाख, कॉरोनर, व्हाइटचॅपल, वर्ग, वृत्तपत्रे.

१. प्रस्तावना

३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर १८८८ या सुमारे दहा आठवड्यांत लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आणि त्याला लागून असलेल्या सिटी ऑफ लंडनच्या हद्दीत मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांची निर्घृण हत्या झाली. एका निनावी पत्रातील सहीवरून 'जॅक द रिपर' हे नाव रूढ झाले. परंतु ते नाव धारण करणारा माणूस कोण होता, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. त्या काळी गुन्हेगाराची ओळख पटवण्याची शास्त्रीय साधने अत्यंत मर्यादित होती. स्कॉटलंड यार्डमध्ये बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ मध्ये स्थापन झाला. रक्ताचे गट त्यानंतर ज्ञात झाले. त्यामुळे १८८८ मधील पोलिसांजवळ संशयिताविषयी जे काही होते, ते प्रामुख्याने साक्षीदारांचे शब्द होते. आणि त्या शब्दांत चेहऱ्यापेक्षा टोपी, कोट व गळ्यातील रुमाल यांचे वर्णन अधिक होते.

या वर्णनांचा उपयोग गेली शंभराहून अधिक वर्षे विविध लेखकांनी एका ठरावीक पद्धतीने केला आहे. एका साक्षीतील टोपी, दुसऱ्या साक्षीतील कोट आणि तिसऱ्या साक्षीतील मिशा एकत्र करून संशयिताचे चित्र उभे करावयाचे व त्या चित्रात बसणारा माणूस शोधावयाचा, अशी ही पद्धत आहे. साक्षीतील पोशाखवर्णन हे छायाचित्रासारखे वस्तुनिष्ठ असते, हे या पद्धतीचे गृहीतक होय. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण त्याचे परिणाम केवळ इतिहासलेखनापुरते मर्यादित राहिले नव्हते. १८८८ मध्येच एका वस्त्राच्या नावावरून एका निरपराध माणसाला जमावाच्या रोषाचे भय बाळगावे लागले होते.

२. साधनांचे स्वरूप

इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर हा अधिकारी ज्यूरीच्या साहाय्याने करीत असे. मुंबईतही १८७१ च्या कायद्यान्वये कॉरोनरचे पद अस्तित्वात होते. मृत व्यक्ती कोण, मृत्यू केव्हा, कोठे व कोणत्या कारणाने झाला, हे ठरवणे हा या चौकशीचा हेतू असे. निकोल्स, चॅपमन व स्ट्राइड यांच्या मृत्यूची चौकशी वाइन बॅक्स्टर या कॉरोनरने केली. या तीन चौकशांची मूळ कागदपत्रे उपलब्ध नाहीत. त्यांतील साक्षी 'द टाइम्स', 'डेली टेलिग्राफ' इत्यादी वृत्तपत्रांच्या वार्तांकनातूनच वाचाव्या लागतात. एडोज व केली यांच्या चौकशीतील जबान्या मात्र टिकून आहेत. याखेरीज पोलीस अधिकाऱ्यांचे अहवाल व 'पोलीस गॅझेट' या खात्यांतर्गत पत्रात प्रसिद्ध झालेली वर्णने हीदेखील महत्त्वाची साधने आहेत.

या साधनांचा विचार करताना एक बाब लक्षात ठेवावी लागते. साक्षीदाराने उच्चारलेला शब्द आपल्यापर्यंत थेट पोहोचत नाही. प्रथम कॉरोनर प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो, लेखनिक किंवा वार्ताहर ते उत्तर टिपून घेतो आणि पुष्कळदा प्रश्न गाळून केवळ उत्तरांचे सलग निवेदन तयार करतो. प्रश्नातील शब्द अशा रीतीने साक्षीदाराच्या तोंडी जातो.

याचे एक ठळक उदाहरण स्ट्राइड हिच्या चौकशीत आढळते. बर्नर स्ट्रीटवरील रहिवासी विल्यम मार्शल याने हत्येच्या रात्री पावणेबाराच्या सुमारास एका स्त्रीला एका पुरुषासोबत पाहिले होते. त्या पुरुषाने काळा आखूड कोट, गडद विजार आणि लहान झापेची गोल टोपी घातली होती व ती टोपी खलाशी घालतात तशी होती, असे त्याने सांगितले. त्यावर तो माणूस कोणत्या प्रकारचा वाटला, असे विचारले गेले. गोदी कामगार, खलाशी, खाटीक असे एकेक व्यवसाय त्याच्यापुढे ठेवण्यात आले व त्याने ते नाकारले. अखेरीस कारकुनाचा उल्लेख होताच, तो माणूस त्यातल्या त्यात कारकुनासारखा वाटला, असे मार्शलने सांगितले. म्हणजे टोपी खलाशाची, परंतु माणूस कारकून! ही विसंगती साक्षीदाराच्या अप्रामाणिकपणातून आलेली नाही. पोशाखावरून माणसाचा व्यवसाय सांगता आलाच पाहिजे, या प्रश्नकर्त्याच्या अपेक्षेतून ती निर्माण झाली आहे. पुढील काळातील पुस्तकांत मात्र 'कारकुनासारखा दिसणारा' हे शब्द मार्शलचे स्वयंस्फूर्त निरीक्षण म्हणून उद्धृत होतात.

३. शब्द आणि वस्तू

पोशाखवाचक शब्दांचे अर्थ कालौघात बदलतात. व्हाइटचॅपलच्या साक्षींत 'डियरस्टॉकर' ही टोपी दोनदा येते. हॅनबरी स्ट्रीटवरून ८ सप्टेंबरच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास जाणाऱ्या एलिझाबेथ लाँग या स्त्रीने चॅपमनशी बोलत असलेला एक पुरुष पाहिला होता. त्याने तपकिरी डियरस्टॉकर घातली होती, असे तिने सांगितले. तसेच ३० सप्टेंबरच्या रात्री साडेबारानंतर बर्नर स्ट्रीटवर गस्त घालणारा कॉन्स्टेबल विल्यम स्मिथ याने स्ट्राइडसोबत उभ्या असलेल्या पुरुषाच्या डोक्यावर गडद रंगाची फेल्टची डियरस्टॉकर पाहिल्याचे वृत्तपत्रांत नमूद आहे.

आजच्या वाचकाच्या मनात हा शब्द वाचताच शेरलॉक होम्सची कानपट्ट्यांची कापडी टोपी उभी राहते. वास्तविक ही प्रतिमा १८८८ नंतरची आहे. 'द स्ट्रँड' मासिकात १८९१ मध्ये सिडनी पॅजेट या चित्रकाराने होम्सला अशी टोपी घातलेला दाखविले. खुद्द कॉनन डॉयल यांच्या कथांत डियरस्टॉकर हा शब्द येत नाही. १८८८ मधील साक्षीदाराला या शब्दातून तीच टोपी अभिप्रेत होती, असे गृहीत धरता येत नाही. स्मिथच्या बाबतीत तर याचा पडताळा उपलब्ध आहे. पोलिसांनी प्रसृत केलेल्या वर्णनात याच माणसाच्या डोक्यावर कडक फेल्टची हॅट, अंगात काळा 'डायगोनल' म्हणजे तिरप्या विणीच्या कापडाचा कोट आणि गळ्याशी कॉलर व टाय असल्याचे म्हटले आहे. कडक फेल्टची हॅट आणि कानपट्ट्यांची मऊ कापडी टोपी या एक असू शकत नाहीत. एकाच साक्षीदाराने पाहिलेली एकच टोपी दोन नोंदींत दोन नावांनी आली आहे. अशा वेळी लाँगची टोपी व स्मिथची टोपी 'एकच' म्हणून दोन्ही हत्यांतील पुरुष एकच ठरवणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

हीच गोष्ट इतर शब्दांचीही आहे. बिलिकॉक ही गोल माथ्याची फेल्ट हॅट, वाइडअवेक ही रुंद काठाची मऊ हॅट, तर झापेची कापडी टोपी ही कामकरी वर्गाच्या नित्य वापरातील. एकोणिसाव्या शतकातील पुण्यामुंबईत जशी पगडीवरून माणसाची जात व पेशा ओळखण्याची रीत होती, तशीच लंडनमध्ये डोक्यावरील टोपीवरून माणसाची पायरी ठरवली जाई. त्यामुळे टोपीचे नाव सांगणे म्हणजे केवळ आकार सांगणे नव्हते. तो सामाजिक स्थानाविषयीचा निर्णय होता.

४. वर्गाचे वाचन आणि जुन्या कपड्यांचा बाजार

एलिझाबेथ लाँग हिने त्या पुरुषाचा चेहरा पाहिला नव्हता. त्याची पाठ तिच्याकडे होती. कोट गडद असावा, पण खात्री नाही, असे तिने मोकळेपणाने सांगितले. तथापि तो माणूस चाळिशीच्या पुढचा व परकीय वाटला, तसेच तो 'शॅबी जेंटील' होता, असे तिने म्हटल्याची नोंद आहे. एके काळी बऱ्या स्थितीत असलेला, परंतु आता कपडे विटलेला माणूस, असा या शब्दप्रयोगाचा आशय आहे. ज्याचा चेहरा दिसला नाही आणि ज्याच्या कोटाच्या रंगाचीही खात्री नाही, त्याचा वर्ग आणि वंश मात्र साक्षीत ठामपणे अवतरतो. या वर्णनाचा आधार दृष्टीपेक्षा समज हाच अधिक आहे.

परंतु ईस्ट एंडमध्ये पोशाखावरून वर्ग ओळखणे ही गोष्ट तितकीशी सोपी नव्हती. पेटीकोट लेन व हाउंड्सडिच येथे जुन्या कपड्यांचा मोठा बाजार भरत असे. वरच्या वर्गाने टाकलेले कोट व पायताणे हात बदलत बदलत शेवटी गरिबांच्या अंगावर येत. सणावाराचा कोट आठवडाभर गहाणवटदाराकडे ठेवून शनिवारी सोडवून आणणे ही कामगार कुटुंबांतील सर्वसामान्य बाब होती. एडोजच्या सोबत्याचे बूट मृत्यूपूर्वी एक-दोन दिवस आधी अडीच शिलिंगांना गहाण पडले होते व त्याची पावती घटनास्थळी सापडली. ज्या समाजात वस्त्र इतके फिरते होते, तेथे अंगावरील कोट हा माणसाच्या कायम स्थितीचा पुरावा ठरू शकत नव्हता.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. शिंपीकाम हा ईस्ट एंडचा एक प्रमुख व्यवसाय होता. कापडाचा पोत, वीण, अस्तर व शिवण यांची जाण तेथील अनेकांना होती. म्हणून 'मिरे-मीठ रंगाचे सैल जाकीट' किंवा 'लाल विणलेली शाल' असे शब्द जेव्हा साक्षीत येतात, तेव्हा ते निव्वळ कल्पनेचे नसतात. साक्षीदारांचे कापडाविषयीचे ज्ञान आणि माणसाविषयीचा त्यांचा निष्कर्ष या दोन गोष्टी स्वतंत्रपणे तोलणे हेच येथे योग्य ठरते.

५. एकच फूल, चार साक्षी

स्ट्राइडच्या काळ्या जाकिटावर लाल गुलाब व नेच्याची पाने खोवलेली होती. या फुलाने साक्षींच्या परीक्षणासाठी एक दुर्मिळ कसोटी उपलब्ध करून दिली आहे. मार्शलने पावणेबाराला पाहिलेल्या स्त्रीच्या अंगावर फूल नव्हते. कॉन्स्टेबल स्मिथने साडेबारानंतर पाहिलेल्या स्त्रीच्या जाकिटावर फूल होते. जेम्स ब्राऊन याने पाऊणच्या सुमारास फेअरक्लफ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर पाहिलेल्या स्त्रीच्या अंगावर फूल आढळल्याचे त्याला स्मरत नव्हते; तिच्यासोबतच्या पुरुषाचा कोट जवळजवळ टाचांपर्यंत पोहोचणारा लांब होता. याच वेळी इझ्राएल श्वार्ट्झ या हंगेरियन स्थलांतरिताने एका माणसाला त्या स्त्रीशी झटापट करताना पाहिले. त्या माणसाने गडद जाकीट व झापेची काळी टोपी घातली होती, असे त्याच्या पोलीस जबानीत म्हटले आहे.

स्मिथची साक्ष येथे सर्वांत भक्कम मानावी लागते. कारण त्याने पाहिलेले चिन्ह मृतदेहावर प्रत्यक्ष आढळले. मार्शलने स्त्रीला चेहऱ्यावरून व कपड्यांवरून ओळखले. तथापि फूल नसणे याचा अर्थ ते नंतर खोवले गेले, की अंधारात दिसले नाही, की ती स्त्रीच वेगळी होती, हे त्याच्या साक्षीवरून ठरत नाही. ब्राऊन व श्वार्ट्झ यांनी सांगितलेली वेळ जवळजवळ एक असून पुरुषांचे पोशाख मात्र भिन्न आहेत. यांतून दोघांपैकी एकाने दुसरीच स्त्री पाहिली असण्याची शक्यता बळावते.

श्वार्ट्झच्या साक्षीत आणखी एक अडचण आहे. त्याला इंग्रजी येत नसल्याने दुभाष्याची मदत घ्यावी लागली. १ ऑक्टोबरच्या 'द स्टार' पत्रातील त्याचा वृत्तांत आणि पोलिसांकडील जबानी यांत महत्त्वाचा भेद आहे. जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाच्या हाती पोलिसांच्या नोंदीप्रमाणे चिलीम, तर वृत्तपत्रात सुरी आहे. चिलमीची सुरी होऊ शकते, तर अनुवादाच्या वाटेवर टोपीचे काय झाले नसेल, असा प्रश्न अभ्यासकासमोर उभा राहणे स्वाभाविक आहे.

६. तपशील आणि विश्वसनीयता

वर्णनातील तपशील जितका अधिक, तितकी साक्ष विश्वसनीय, अशी सर्वसामान्य समजूत आहे. केलीच्या प्रकरणातील साक्षी या समजुतीला धक्का देतात.

केली हिला ८ नोव्हेंबरच्या रात्री पावणेबाराला तिची शेजारीण मेरी ॲन कॉक्स हिने पाहिले. केलीच्या अंगावर लिन्सी कापडाचा झगा व लाल विणलेली शाल होती, डोके उघडे होते. तिच्यासोबतच्या पुरुषाने जुनाट गडद लांब कोट व बिलिकॉक हॅट घातली होती आणि त्याच्या हाती बिअरचे भांडे होते. कॉक्स केलीला ओळखत होती व अगदी जवळून चालली होती. दुसऱ्या बाजूस कॅरोलाइन मॅक्सवेल हिने ९ तारखेस सकाळी आठ ते साडेआठच्या दरम्यान केलीशी आपण बोललो, असे शपथेवर सांगितले. तिच्या मते केलीने गडद घागरा, मखमली चोळी व किरमिजी शाल परिधान केली होती. कॉरोनर मॅक्डोनाल्ड याने, आपली साक्ष इतरांहून भिन्न आहे याची जाणीव तिला करून दिली; तरीही ती आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. मॅक्सवेलच्या साक्षीत पोशाखाचा तपशील नेमका आहे, मात्र इतर पुराव्याशी तिचा मेळ बसत नाही. केवळ वस्त्रे सुस्पष्ट सांगितली म्हणून भेटीचा दिवस व वेळ अचूक ठरत नाही.

तपशिलाचा सर्वांत मोठा साठा जॉर्ज हचिन्सन याच्या जबानीत आहे. केलीची चौकशी १२ नोव्हेंबर रोजी एकाच दिवसात आटोपली. त्याच सायंकाळी हचिन्सन पोलीस ठाण्यात हजर झाला. ९ तारखेच्या रात्री दोनच्या सुमारास आपण केलीसोबत एक पुरुष पाहिला, असे त्याने सांगितले. त्या माणसाचा लांब गडद कोट, कोटाच्या कॉलरला व बाह्यांना लावलेली अस्त्राखान जातीच्या कुरळ्या लोकरीची किनार, आतील गडद जाकीट, फिकट वास्कट, मध्यभागी दुमडलेली फेल्ट हॅट, बटणांचे बूट, त्यांवर पांढऱ्या बटणांचे गेटर, जाड सोन्याची साखळी, पांढरी कॉलर, काळा टाय आणि त्याला घोड्याच्या नालेची टाचणी, असे सारे वर्णन त्याने दिले. माणूस ज्यू वाटला, असेही त्याने सांगितले. हे सारे एका दारूच्या गुत्त्याबाहेरील दिव्याच्या उजेडात व पुढे रस्त्यात दिसले, असे त्याचे म्हणणे होते. लगेच प्रसिद्ध झालेल्या वृत्तपत्रीय मुलाखतीत यात भर पडली : साखळीला लाल खड्याची मुद्रा लटकू लागली आणि हाती तपकिरी कातडी हातमोजे आले. पोलीस जबानीतील फिकट वर्ण वृत्तपत्रात सावळा झाला.

चौकशी अधिकारी फ्रेडरिक ॲबरलाइन याने प्रारंभी ही जबानी खरी मानली होती. हचिन्सन खोटे बोलत होता असे सिद्ध करता येत नाही, आणि तसे प्रतिपादन येथे करावयाचेही नाही. परंतु त्याचे वर्णन ज्या समाजात उच्चारले गेले, त्याचा विचार आवश्यक आहे. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील अत्याचारांमुळे पळून आलेले हजारो ज्यू ईस्ट एंडमध्ये स्थायिक होत होते आणि त्यांच्याविषयी रोजगार व घरभाडे या कारणांवरून असंतोष धुमसत होता. अस्त्राखानची किनार, जाड साखळी व चमकदार टाचणी ही दिमाखदार श्रीमंत परकीयाची तत्कालीन व्यंगचित्रांतील ओळखीची लक्षणे होती. हचिन्सनने पाहिलेला पुरुष आणि लंडनच्या मनातील खलपुरुष यांच्यातील हे साम्य साक्षीच्या मूल्यमापनात नजरेआड करता येत नाही.

जोसेफ लावेंड याची साक्ष याच्या तुलनेत संयत आहे. ३० सप्टेंबरला रात्री १ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास दोन सोबत्यांसह क्लबमधून बाहेर पडताना त्याने मायटर चौकाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी एक स्त्री व एक पुरुष पाहिला. मिरे-मीठ रंगाचे सैल जाकीट, त्याच रंगाच्या झापेची करडी कापडी टोपी, गळ्यात गाठ मारलेला तांबूस रुमाल आणि खलाशासारखे रूप, असे त्याचे वर्णन 'पोलीस गॅझेट'ने १९ ऑक्टोबरला छापले. स्त्रीचा चेहरा लावेंडला दिसला नव्हता. एडोजचे काळे जाकीट व बॉनेट पाहून त्याने तिची ओळख सांगितली. पुरुषाला पुन्हा पाहिल्यास ओळखू शकेन, याविषयी त्याने शंका व्यक्त केली. त्याच क्षणी तेच दृश्य पाहणाऱ्या त्याच्या सोबत्यांना पोशाखाविषयी सांगण्यासारखे काही आठवले नाही. शिवाय एडोजच्या चौकशीत सिटीच्या विधी अधिकाऱ्याने तपासाच्या हिताकरिता हे वर्णन जाहीररीत्या न सांगण्याची विनंती केली होती. त्यामुळे वृत्तपत्रांच्या गजबजाटातून ते तुलनेने अलिप्त राहिले. आपल्या स्मृतीची मर्यादा स्वतः मान्य करणारी साक्ष इतिहासकाराला तपशिलांनी ओथंबलेल्या साक्षीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

७. एप्रनची दोन रूपे

ॲनी चॅपमनच्या हत्येनंतर २९, हॅनबरी स्ट्रीट या घराच्या अंगणात नळाजवळ एक ओला चामड्याचा एप्रन सापडला. त्यापूर्वीच वृत्तपत्रांनी 'लेदर एप्रन' या टोपणनावाच्या एका धटिंगणाच्या कथा रंगवल्या होत्या. १० सप्टेंबरला जॉन पायझर या ज्यू चर्मकाराला त्या नावाने अटक झाली. दोन दिवसांनी कॉरोनरपुढील चौकशीत, हा एप्रन त्याच घरातील विधवेच्या मुलाचा असून आईने तो धुऊन तेथे टाकला होता, असे उघड झाले. पायझरचा हत्येच्या वेळचा ठावठिकाणाही पटला आणि चौकशीत त्याला आपले नाव निष्कलंक करण्याची संधी मिळाली. चामड्याचा एप्रन पादत्राणे करणारे व इतर अनेक कारागीर रोज वापरीत. ते एका धंद्याचे वस्त्र होते. त्याला गुन्हेगाराचे नाव बनवण्याचे काम शब्दांनी केले.

याच्या अगदी उलट उदाहरण एडोजच्या एप्रनचे आहे. हत्येनंतर सुमारे सव्वा तासाने, पहाटे २ वाजून ५५ मिनिटांनी कॉन्स्टेबल आल्फ्रेड लाँग याला गोल्स्टन स्ट्रीटवरील एका इमारतीच्या दारात रक्ताळलेला एप्रनचा तुकडा सापडला. एडोजच्या अंगावर उरलेल्या एप्रनशी तो डॉ. गॉर्डन ब्राऊन यांनी जुळवून पाहिला. एप्रनला पूर्वी एक ठिगळ लावलेले होते. त्या ठिगळाच्या शिवणी दोन्ही तुकड्यांत तंतोतंत जुळल्या. हत्येच्या सुमारे पाऊण तास आधीपर्यंत एडोज बिशप्सगेट पोलीस ठाण्यात होती व तेथील शिपायांनी तो एप्रन तिच्या अंगावर पाहिला होता. संपूर्ण प्रकरणात खुनी कोणत्या दिशेने गेला, हे दाखवणारा हाच एक ठोस पुरावा. एका गरीब स्त्रीने काटकसरीने लावलेल्या ठिगळाने तो पुरवला.

वस्त्र हे प्रत्यक्ष वस्तू म्हणून समोर असेल, तर त्याचे मूल्य वेगळे असते, याची इतर उदाहरणेही आहेत. ९ जुलै १८६४ रोजी लंडनच्या रेल्वेत थॉमस ब्रिग्ज या वृद्ध बँक कर्मचाऱ्याचा खून झाला. डब्यात खुन्याची हॅट राहिली व ब्रिग्जची हॅट नाहीशी झाली. फ्रान्झ म्युलर या जर्मन शिंप्याला न्यूयॉर्कला पोहोचताच पकडण्यात आले, तेव्हा त्याच्याकडे ब्रिग्जची हॅट कापून आखूड केलेल्या अवस्थेत मिळाली. तेथे हॅटचे वर्णन करणारी नव्हे, तर खुद्द हॅट न्यायालयात होती. अस्तर, शिवण व बनावट यांची तपासणी होऊ शकली.

निकोल्सचीही ओळख वस्त्रानेच पटली. तिच्या पेटीकोटवर लॅम्बेथ वर्कहाऊस या गरीबखान्याचा शिक्का होता. त्या शिक्क्यावरून पोलीस तेथे पोहोचले व तेथील एका स्त्रीने मृतदेह ओळखला. मृत्यूच्या रात्री निवासगृहाचे पैसे नसल्याने बाहेर काढली गेलेली निकोल्स आपल्या नव्या बॉनेटच्या जोरावर पैसे मिळतील, असे हसत म्हणाली होती. एडोजच्या अंगावर एकावर एक घातलेले घागरे, पुरुषी बंडी व उजव्या पायात लाल दोऱ्याने सांधलेला पुरुषी बूट होता. निवारा नसलेल्या स्त्रीची सारी मालमत्ता तिच्या अंगावरच असे, हे या यादीतून दिसते. शवागारातील या याद्या पोलिसांनी खुन्याच्या शोधासाठी केल्या; परंतु आज त्या मृत स्त्रियांच्या जीवनाचे सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज ठरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅली रुबेनहोल्ड यांच्या ग्रंथाने या पाच स्त्रियांच्या आयुष्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ते याच कारणाने महत्त्वाचे आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) पोशाखवर्णनाचे मूल्य त्याच्या तपशिलावर नव्हे, तर पडताळ्याच्या शक्यतेवर अवलंबून असते. एडोजचा एप्रन, निकोल्सचा पेटीकोट व स्ट्राइडचे फूल यांचा पडताळा झाला. अस्त्राखानच्या कोटाचा झाला नाही.

(२) साक्षीतील पोशाखवाचक शब्द त्याच वर्षाच्या वापरानुसार वाचला पाहिजे. नंतरच्या साहित्यातून रूढ झालेली प्रतिमा त्यावर लादल्यास दोन भिन्न वस्तू एक भासतात.

(३) वर्णन कोणाच्या प्रश्नावर, किती दिवसांनी, कोणत्या भाषेतून व कोणाच्या लेखणीतून नोंदले गेले, हे निश्चित केल्याशिवाय दोन साक्षींची तुलना करू नये.

(४) 'कारकुनासारखा', 'खलाशासारखा', 'परकीय' ही विशेषणे निरीक्षण नसून निर्णय आहेत. त्यांचा उपयोग संशयित ठरवण्यासाठी नव्हे, तर साक्षीदारांचा व प्रश्नकर्त्यांचा समाज समजून घेण्यासाठी करावा.

व्हाइटचॅपलच्या रात्री ज्या पुरुषांना साक्षीदारांनी पाहिले, त्यांच्यापैकी खुनी कोण, किंवा त्यांत तो होता की नाही, हे त्यांच्या टोप्यांवरून सांगता येणार नाही. ज्या स्त्रिया मारल्या गेल्या, त्यांच्याविषयी मात्र त्यांच्या कपड्यांवरून पुष्कळ सांगता येते. संशोधनाची दिशा शतकभर पहिल्या प्रश्नाकडे वळलेली राहिली. साधने मात्र दुसऱ्या प्रश्नासाठी अधिक समृद्ध आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने साधनांचा हा कल ओळखणे अगत्याचे आहे.